किसनभाऊ बोटीवर गेला आहे

“तिरुपतीले गेलतो म्हणून सांगजा,” माझी बायको सिंधू म्हणाली.

“एका दिवसात? सकाळी कुरुद, दुपारी तिरुपती अन् संध्याकाळी परत कुरुद?”

“मग टोपी घालजा. मायले कुठं एवढं दिसते.”

“तिले कमी दिसते. अक्कल कमी नाही झाली तिची.”

आमचा गुड्डू मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “पापा, बोल देना जूँ हो गई थी।”

सत्तावीस वर्षांचा घोडा. बापाच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून सांगा म्हणतो. दुसरी वेळ असती तर मी खदखदून हसलो असतो. खरं सांगायचं तर थोडं हसलोही. मग आतल्या खोलीतून मायच्या वॉकरची टकटक आली आणि आम्ही तिघंही गप्प झालो.

उद्या दहावा होता. माझा मोठा भाऊ कृष्णराव कापगते, नौदलातला मास्टर चीफ, पाणबुडीवर उभी उमर काढलेला माणूस. भिलाईतच, हुडको कॉलनीतल्या आपल्या घरी कुंड्यांना पाणी घालता घालता खाली बसला आणि उठलाच नाही. एकसष्ट वर्षांचा होता. त्याला जाऊन आज नववा दिवस. उद्या शिवनाथ नदीच्या घाटावर दशक्रिया, आणि धाकटा भाऊ म्हणून मला डोकं आणि मिशी दोन्ही उतरवायची होती. इकडे कुरुदला माझ्या घरात त्याची सख्खी माय बसलेली, चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि तिला आपला लेक गेला हे माहीतच नव्हतं.

हा उपद्व्याप माझा. दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही. माय आदल्याच आठवड्यात दवाखान्यातून घरी आली होती. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. भाऊ आत जमिनीवर ठेवलेला, वहिनी भिंतीला टेकून बसलेली, आणि मी हुडकोच्या अंगणात उभा राहून सिंधूला फोन केला, “मायले काही सांगू नको. किसनभाऊ विशाखापट्टणमले गेला म्हण. बोटीवर.” वहिनीला विचारलंसुद्धा नाही.

बोट म्हणजे पाणबुडी. आमच्या घरात हा शब्द चाळीस वर्षं चालला. फोन का लागत नाही? बोटीवर आहे. दिवाळीला का आला नाही? बोटीवर आहे. कुठे आहे, कधी येईल, हे पुढे विचारायचंच नसतं, हे मायला पाठ झालं होतं. तरी तिने तिसऱ्या दिवशी विचारलं, “रिटायर माणसाले बोटीवर कावून बोलावलं रे?”

“शिकवाले, माय. नव्या पोट्ट्याइले.”

“हाव. थो शिकवन चांगला,” ती म्हणाली आणि समाधानाने कुशीवर वळली.

आमच्यात सुतकात भाजीला फोडणी देत नाहीत, हळद घालत नाहीत, गोडाचं नाव काढत नाहीत. सिंधू आमच्यासाठी नुसती मीठ-तिखटाची उकडलेली भाजी करायची आणि मायला शंका येऊ नये म्हणून छोट्या कढईत तिच्यापुरती वेगळी फोडणी द्यायची. नऊ दिवस घरात लसणाचा वास यायचा तो फक्त मायच्या ताटासाठी. भेटायला येणाऱ्यांना मी गल्लीच्या तोंडावरूनच हुडकोकडे वळवत होतो. पाचव्या दिवशी, रविवारी, मायला शेवयाची खीर खावीशी वाटली. दवाखान्यातून आल्यापासून तिने तोंडाने काही मागितलं ते हेच. सिंधूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कर.

मायने वाटी चाटूनपुसून खाल्ली. वर म्हणाली, “एक वाटी किसनासाठी फ्रिजात ठेव वं. शिरा नाही खात थो, पण खीर खाते.”

सिंधू वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता भाऊबद्दल सांगतो. भिलाईहून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा. आमचे बाबा, चिंधुजी, साकोलीकडच्या खेड्यातून आले आणि इथल्या स्टील प्लँटात कोक ओव्हनला लागले. गावच्या तलावापलीकडे पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. किसनभाऊ अठराव्या वर्षी नेव्हीत भरती झाला तेव्हा बाबांनी दोन दिवस अबोला धरला. “प्लँटात लागत होता सरळ, तर हे भिकेचे डोहाळे कावून लागले याले?” पुढे तो पाणबुडीवर गेला, ते तर त्याने घरी दोन वर्षं सांगितलंच नाही. आम्हाला वाटायचं, जहाजावर उभा राहून वारा खात असेल.

सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेला डिझेलचा वास यायचा. माय कपडे तीन पाण्यांतून काढायची, वास जायचा नाही. झोपायचा तर एकदम सरळ, कूस न बदलता. तिथे एकाच अरुंद पलंगावर पाळीपाळीने दोघं झोपायचे म्हणे. दार लावायचा तर आवाज नाही. बोलायचा तर समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. कारण त्याचं कामच ऐकायचं. कानाला यंत्र लावून बसायचं आणि समुद्रात कोण चाललंय, किती लांब आहे, ते आवाजावरून ओळखायचं. त्या कानाने त्याने मला फार छळलं. आमच्या अंगणातल्या बोअरचा पंप सुरू झाला की हा चहाचा कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, “हेमराज, याचं बेअरिंग जाते आठ दिवसांत.”

मी रेल मिलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. म्हणायचो, “तू तुया समुद्राचं पाय. पंपाचं मले समजते.”

सातव्या दिवशी पंप बंद. असा राग यायचा म्हणून सांगू!

रिटायर होऊन हुडकोत राहायला आल्यावर पानठेल्यावर लोक विचारायचे, “फौजी भैया, नीचे मछली-वछली दिखती है क्या?” तो म्हणायचा, “खिड़की नहीं होती, भाई।” आणि सुपारी तोंडात टाकायचा. चाळीस वर्षांची नोकरी एका वाक्यात संपवायचा. मी त्याच्या जागी असतो तर अख्खा पानठेला दोन तास बसवून ठेवला असता.

पण माणूस थंड नव्हता. हे मला आत्ता कळतंय, तेव्हा तोच शब्द माझ्या तोंडात असायचा. बोटीवर निघायच्या आधी तो पोस्टकार्डं लिहून ठेवायचा. मायला, बाबांना, मला, प्रत्येकाला आठवड्याला एक. वहिनी विशाखापट्टणमला दर सोमवारी ती पेटीत टाकायची. मायला लिहायचा की गुडघ्याला तेल लाव. बाबांना लिहायचा की दम्याची गोळी चुकवू नका. मला लिहायचा की ड्युटीला जाताना हेल्मेट घाल, पावसात वळणावर स्कूटर घसरते. स्वतः महिना-महिना पाण्याखाली, उन्हाचा कवडसा नाही, पण आमच्या काळज्या आधीच करून गेलेला. त्याची मुलगी प्राची झाली तेव्हाही तो बोटीवरच होता. तिच्यासाठी दोन कार्डं लिहून गेला होता, मुलगा झाला तर एक, मुलगी झाली तर एक. वहिनीने दोन्ही वाचली. दोन्हींत अक्षर न् अक्षर सारखंच होतं.

अठ्ठ्याण्णव साली बाबा गेले. भाऊ पाण्याखाली. विशाखापट्टणमच्या ऑफिसातून आमच्या प्लँटच्या क्वार्टरवर फोन आला. साहेब सभ्य होता. म्हणाला, निरोप बोटीवर पोचवता येईल, पण बोट माघारी वळणार नाही. त्याला येता येणार नाहीच. तेव्हा आत्ता सांगायचं की वर आल्यावर, ते घरच्यांनी ठरवावं. त्याने वहिनीला विचारलं होतं, वहिनीने मायवर सोपवलं.

माय बाबांच्या उशाशी बसली होती. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, “नका सांगू, साहेब. लेकरू पाण्याच्या पोटात आहे. तिथं त्याले रडाले जागा तरी आहे का? वर आला का सांगजा.”

अग्नी मी दिला. सहाव्या दिवशी पोस्टमन आला आणि बाबांच्या नावाचं, आधीच टाकलेलं कार्ड मायच्या हातात देऊन गेला. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, वाच. मी वाचलं, दम्याची गोळी चुकवू नका. तिने कार्ड घेतलं आणि देवाच्या फळीवर ठेवून दिलं.

भाऊ पस्तिसाव्या दिवशी आला. दुर्गला उतरला, क्वार्टरच्या फाटकातच बूट काढले, मायच्या पायाशी येऊन बसला. “बराबर केलं माय तू,” एवढंच म्हणाला. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे! बाप गेला आणि डोळ्यांत टिपूस नाही.

तर नवव्या दिवशी दुपारी चार वाजता मी स्कूटरला किक मारली आणि हुडकोला गेलो. तिरुपतीचं सोंग वठणार नाही हे मला कळत होतं. माझ्या डोक्यात दुसरं शिजत होतं. वहिनीने मायला फोन करावा, भाऊचा निरोप आलाय, काम वाढलंय, दोन महिने लागतील, असं सांगावं. वहिनीच्या तोंडून आलं की माय शंका घेणार नाही, आणि माझं डोकं भादरलेलं दिसलं तरी त्याचं-याचं नातं लावणार नाही.

वहिनी पलंगावर बसून भाऊचे कपडे काढत होती. शेजारी प्राची होती. तिनेच अग्नी दिला होता. दुर्गहून जुने नौदलवाले तीन म्हातारे कोट घालून आले होते, त्यांनी भाऊची टोपी त्याच्या छातीवर ठेवली, सलाम केला, आणि मग प्राची पुढे झाली. तेव्हापासून पोरगी रडली नव्हती. रायपूरला शाळेत शिकवते, बापासारखीच हळू बोलते.

मी माझं सगळं सांगितलं. वहिनीने हातातला शर्ट घडी करून बाजूला ठेवला.

“भाऊजी, मी नाही करणार फोन.”

“वहिनी, डॉक्टरनं सांगितलं आहे...”

“मले मालूम आहे डॉक्टरनं काय सांगितलं ते. नऊ दिवस मी चूप बसली का नाही? आता तुमी ऐका. त्याईनं हे कोणालेच नाही सांगितलं. मले सांगितलं, तेही दहा वर्षांनं.” तिने दुसरा शर्ट हातात घेतला. “बाबांच्या तेरवीच्या दिवशी बोटीवर कोण्या साहेबाचा वाढदिवस होता. शिरा केलता. याईनं दोनदा मागून घेतला. साहेबानं म्हटलं, कापगते, गाना सुनाओ, तर उभं राहून गाणं म्हटलं. वर आल्यावर समजलं तेव्हा बोटावर तारखा मोजल्या. मले म्हणाले, वच्छला, नाही सांगितलं याचा राग नाही. माय चुकली नाही. पण माया बापाच्या तेरवीले मी शिरा खाऊन गाणं म्हणत होतो. हे मी आता कुठं धुऊ?”

मी खाली बसलो.

“मले कोणी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, म्हणाले. ड्युटी सोडता येत नवती. नुसतं त्या दिवशी जेवलो नसतो. एका कोपऱ्यात बसून राहिलो असतो. एवढाच तर हक होता माया.”

सत्यनारायणाचा प्रसादही तो कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा, ते मी पंचवीस वर्षं बघत आलो होतो. दरवेळी टोमणा मारायचो, “बोटीवर खाऊन खाऊन पोट भरलं का तुयं?” तो हसायचा.

“उद्या टोपी घालून फसवसान,” वहिनी म्हणाली. “तीन दिवसांनं तेरवी. मग वरसी. भाऊजी, किती दिवस बोटीवर ठेवसान त्याईले?”

प्राची एकदम उठून मागच्या अंगणात गेली. तिथून आवाज आला, तेव्हा कळलं की ती रडते आहे. वहिनी तिच्यामागे गेली. मी चपला घालून बाहेर पडलो.

हुडको ते कुरुद काही मोठा रस्ता नाही, पण मी मध्येच एका बंद टपरीच्या सावलीत स्कूटर लावून उभा राहिलो. नऊ दिवस मी सगळ्यांना सांगत होतो, मायच्या तब्येतीसाठी करून राहिलो. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. मायजवळ मी राहिलो. तिचं दुखणंखुपणं, दवाखाना, वॉकर, सगळं मी आणि सिंधूने काढलं. पण भिंतीवर फोटो त्याचा, पाहुण्यांना सांगायला नाव त्याचं. मला भीती वाटत होती, की मी सांगितल्यावर माय माझ्याकडे बघेल आणि तिच्या तोंडावर दिसेल, जायचा तो राहिला आणि राहायचा तो गेला. ते वाचायची माझ्यात हिंमत नव्हती. साठीला टेकलेला माणूस मी, आणि धाकट्या पोरासारखा तिथे उभा राहून नाक पुसत होतो.

घरी पोचलो तर साडेपाच वाजलेले. माय लवकर जेवते. व्हरांड्यातल्या खाटेवर बसली होती, पुढ्यात ताट, ताटात वांग्याची भाजी. लसूण चांगला लाल झालेला. तिने घास मोडला होता.

“माय, थांब.”

“कावून? केस निंघाला का?”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सिंधू दारात आली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“माय, किसनभाऊ बोटीवर नाही गेला.”

“मंग कुठं आहे?”

गेला, हा शब्द माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, “उद्या दहावा आहे त्याचा.”

तिचा हात ताटातच राहिला. मग तिने घास हळूच खाली ठेवला, बोटं पदराला पुसली. “दहावा,” म्हणाली. आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागली. एक, दोन, तीन. मधेच थांबली.

“रविवारी मी खीर खाल्ली.”

“हाव.”

“वाटीभर खाल्ली रे मी.”

“हाव, माय.”

“तोंड नाही दाखवलं मले त्याचं.”

नऊ दिवसांत हे एक माझ्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. येत होतं, मी ते बाजूला सारत होतो. आता सारायला जागा नव्हती. मी नुसती मान खाली घातली. सिंधू मागे हुंदके देत होती.

मायने ताट बाजूला सारलं. “त्याच्या बापाच्या येळी मीच म्हटलं होतं, नका सांगू. थो आला, बराबर केलं म्हणाला. पण त्या दिवसापासून माया हातचा शिरा त्यानं नाही खाल्ला. मले समजत नवतं का? मायच आहो मी त्याची. पण विचाराची हिंमत नाही झाली. आज इचारीन, उद्या इचारीन, असं करून राहिली. अन् पाय, निंघून गेला.”

तिने माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेला मी नऊ दिवस घाबरत होतो ती आता माझ्यावर होती, आणि मला डोळे खाली करता येईनात.

“अन् तू?” ती म्हणाली. “तू कोणापाशी रडला?”

“कोणापाशीच नाही.”

“नऊ दिवस?”

“हाव.”

“भैताड आहेस निरा,” ती म्हणाली आणि माझं डोकं, उद्या भादरायचं ते, दोन्ही हातांनी आपल्या मांडीवर ओढून घेतलं. मग काय विचारता. मी असा रडलो की गुड्डू आतून धावत आला आणि दारातच उभा राहिला. पापाला रडताना त्याने कधी बघितलं नव्हतं.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मायने माझ्या पाठीवर थाप मारली. “ऊठ. बादली भर. मले न्हायचं आहे.”

सिंधू पुढे आली. “माय, आत्ताच दुखण्यातून उठल्या तुमी. सांज झाली. पाणी गरम करतो, दोन मिनटं...”

“कानावर आलं का न्हायचं असते सुनबाई. गरम पाणी कायले? सण आहे का?”

गुड्डूने अंगणात नळाजवळ प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. तिचा एक हात त्याने धरला, एक मी. अंगावरच्या लुगड्यासकट ती स्टुलावर बसली, हात गुडघ्यांवर ठेवले, मान खाली घातली.

“डोक्यावरून टाक,” म्हणाली.

मी पहिला मग टाकला. पाणी गार होतं, ती शहारली, पण हलली नाही. दुसरा टाकला. पांढरे केस कपाळाला चिकटले, लुगडं अंगाला चिकटलं, आणि त्यात ती केवढीशी दिसायला लागली. चौथ्या की पाचव्या मगाला तिने तोंड उघडलं आणि “किसन्या रे” म्हणून अशी हाक मारली, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. भिंतीवरून माणसं डोकावली. सिंधू तिला धरायला धावली.

“सोड मले,” माय म्हणाली. “हेमराज, तू टाक.”

मी टाकत गेलो. ती हाका मारत गेली. बादली रिकामी झाली तरी तिने बस म्हटलं नाही. मी नळ सोडला आणि बादली परत खाली लावली.